झाडाची खोड कळवावी

उद्यान खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच, ‘वृक्ष ओळख कक्ष’ अशी पाटी असलेली एक खोली होती. कक्ष म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे काही भारदस्त येतं, त्यातलं तिथे काही नव्हतं. दोन टेबलं, चार कपाटं, एक मोठी खिडकी आणि त्या खिडकीकडे पाठ करून बसलेल्या खोडकर बाई.

खोडकर हे त्यांचं आडनाव नव्हे. स्वभावाचं म्हणाल, तर त्यांच्याइतकी गंभीर बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती. कुणी विनोद केला की त्या त्याच्याकडे अशा बघत, की बिचाऱ्याला स्वतःचाच विनोद समजावून सांगावा लागे. नाव पडलं होतं ते त्यांच्या उत्तरांमुळे. लोक झाडाचा फोटो काढून अर्जाला टाचून पाठवत, हे झाड कोणतं असं विचारत, आणि दहातल्या सातांना बाईंचं ठरलेलं उत्तर जाई, ‘छायाचित्रात खोड दिसत नाही. खोडाचे छायाचित्र पाठवावे.’ पहिल्या वर्षी खात्यातले लोक हसले, दुसऱ्या वर्षी त्यांनी नाव ठेवलं आणि आता अकरावं वर्ष चालू होतं. नव्यानं आलेल्या एका अभियंत्यानं तर ‘खोडकर म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं अगदी आदरानं विचारलं होतं.

पानगळीचे दिवस म्हणजे बाईंची सुगी. ज्या झाडाखाली लोकांनी वर्षभर गाडी लावली, त्याच्याकडे मान वर करून बघायची बुद्धी त्यांना होई ती ते लालभडक झाल्यावर. मग अर्जांचे गठ्ठे येत. फोटोंमध्ये नुसती पानं. लाल पानं, पिवळी पानं, हातात धरलेलं एकच पान, पानांच्या ढिगात बसलेलं कुत्रं.

‘‘पान म्हणजे कपडे,’’ बाई म्हणत. ‘‘आणि या दिवसांत सगळीच झाडं नटूनथटून उभी असतात. कपड्यांवरून माणूस ओळखायचा का? खोड बघावं. खोडाला सोंग जमत नाही.’’

अकरा वर्षांत त्यांची एकही ओळख चुकली नव्हती. त्याचं खरं कारण असं, की खात्री नसली की त्या ओळख देतच नसत.

त्यांच्या समोरच्या टेबलावर टंकलेखक बसत. वय पन्नाशीचं, तीन मुलींचे वडील, मनानं लोण्यासारखे. पण मात्रा द्यायची तिथे त्यांच्या हातून वेलांटी पडे, म्हणून सगळं खातं त्यांना वेलांटी म्हणे. एकदा त्यांनी ‘साहेब दौऱ्यावर गेले’ या वाक्यातल्या साहेबांना दौऱ्यावर ‘गेली’ करून टाकलं होतं. तो कागद पाच खात्यांत फिरून आला आणि साहेबांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तेव्हापासून वेलांटी प्रत्येक कागद दोनदा तपासत, आणि दोन्ही वेळा चूक त्यांच्या नजरेतून सुटे.

तर अशा या कक्षात एका सोमवारी एक अर्ज आला. अर्जदार बाई होत्या, वय चौऱ्याहत्तर, व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त मुद्रितशोधक, छापखान्यात चौतीस वर्षे’. खाली बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं:

‘माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हे झाड वीस वर्षं आहे. रोजचं बघणं आहे, पण नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या शनिवारी दुपारी मुलगा मला कायमचं त्याच्याकडे न्यायला येतो आहे. मी आता एकटी राहू नये, असं त्याचं म्हणणं आहे. मला जायचं नाही. पण ते लिहायला आपल्या अर्जात रकाना नाही, म्हणून इथे लिहिते. निदान जायच्या आधी शेजाऱ्याचं नाव तरी कळावं, ही विनंती.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. स्वल्पविराम, अर्धविराम, सगळं जिथल्या तिथे. अकरा वर्षांत असा अर्ज त्यांच्या टेबलावर आला नव्हता. लोक झाडाला ‘जाड’ लिहीत आणि आशेनं वाट बघत.

फोटो मात्र नेहमीसारखाच होता. खिडकीतून, वरच्या बाजूनं काढलेला. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पानं, पिवळी, काही जर्दाळूच्या रंगाकडे झुकलेली. झाडाचा शेंडा तेवढा दिसत होता. बाईंनी भिंग लावलं. रेडबड असेल? त्याचं पान असंच असतं. लिंडनही असू शकेल. आणखी एक कात्सुरा नावाचं झाड असतं, त्याचंही पान बदामीच. पानाची कड सरळ आहे की दातेरी, एवढं जरी दिसलं असतं तरी पुष्कळ होतं. दिसत नव्हतं. बाईंनी भिंग पुसून पुन्हा लावलं, जसं काही दोष भिंगाचाच होता.

‘‘सांगून टाका ना एखादं नाव,’’ वेलांटी म्हणाले. ‘‘म्हातारी चाललीच आहे. कोण येतंय विचारायला?’’

‘‘म्हणूनच खरं सांगायला हवं,’’ बाई म्हणाल्या.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला जिने उतरून खोडाचा फोटो काढायला लावणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी नेहमीच्या मजकुराला फाटा दिला. फोटो नको, नुसतं वर्णन पुरे. सालीचा रंग, भेगा, एक बुंधा की चार, कळलं म्हणजे झालं. त्यांनी वेलांटींना सांगितलं, ‘‘लिहा, छायाचित्रात खोड दिसत नाही. झाडाचे खोड कळवावे.’’

वेलांटींनी टंकलं, दोनदा तपासलं, पाकिटात घातलं.

उत्तर आलं ते पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळच्या टपालात. बाई तेव्हा निघाल्या होत्या, म्हणून पाकीट फुटलं ते शनिवारी सकाळी. शनिवारी अर्धा दिवस, त्यामुळे खात्यात एक सैलपणा होता. वेलांटींनी पाकीट उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि एकदम टेबलावर हात आपटून हसायला लागले.

‘‘बाई, ऐका, ऐका. ‘आपण झाडाची खोड विचारलीत. एकच असती तर पोस्टकार्डावर भागलं असतं. इतक्या आहेत, की कागद जोडावा लागतो आहे.’’’

‘‘काय?’’ बाई म्हणाल्या.

‘‘‘पहिली खोड म्हणजे उतावीळपणा. थंडी नीट गेलेली नसते, बाकीची झाडं शहाण्यासारखी थांबलेली असतात, आणि हे आपलं सगळ्यांच्या आधी पालवी काढून बसतं. मग एका थंड रात्रीत पोळून निघतं. दर वर्षी. शिकत नाही. दुसरी खोड, रुसवा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की भर उन्हाळ्यात पानं गाळतं. मी वरून बादली ओतते. एकदा ती पोस्टमनच्या डोक्यावर पडली. ती खोड माझी, झाडाची धरू नये.’’’ वेलांटींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘‘‘तिसरी. खाली अख्खं अंगण मोकळं आहे, पण पानं टाकायची ती माझ्याच गॅलरीत. मी ती भरून स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवते. कचरेवाला तीन दिवसांनी येतो, तोवर हे आणखी टोपलीभर पाठवतं.’’’

‘‘आपल्या पत्राची प्रत काढा,’’ बाई म्हणाल्या.

प्रत निघाली. तीत स्पष्ट होतं, ‘झाडाची खोड कळवावी.’ वेलांटींचं हसू जागच्या जागी थिजलं.

‘‘बाई, वेलांटी पडली.’’

‘‘एक नाही, दोन पडल्या. एकीनं भागलं नाही तुमचं.’’ बाई खरोखरच संतापल्या होत्या. ‘‘मी खोड विचारलं, तुम्ही खोड विचारलीत. आणि त्या बाई छापखान्यातल्या! जसं छापलंय तसंच वाचणार त्या. आज त्या जाणार आणि आपण त्यांच्या झाडाच्या कागाळ्या घेऊन बसलोय.’’

त्यांनी कागद ओढून घेतला. तिसऱ्या खोडीखाली चौथी होती, पण ती लिहून खोडलेली. पूर्ण दोन ओळींवर पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ, आणि समासात मुद्रितशोधकांची ‘काढून टाका’ची खूण. खात्याचा नियम अर्जाच्या तळाशी ठळक छापलेला होता, ‘खाडाखोड केलेला अर्ज बाद समजण्यात येईल.’ बाई नियमाच्या बाईच होत्या. त्यांनी खण उघडून ‘बाद’चा शिक्का काढला, शाईवर दाबला, आणि हात वरच्या वर राहिला.

ज्या बाईनं अर्जात एक अनुस्वार चुकवला नाही, ती लिहिताना दोन ओळी चुकते कशी? आणि खोडायचंच होतं तर कागद बदलायला तिला काय धाड भरली होती?

बाई उठल्या, खिडकीशी गेल्या, कागद उजेडात धरला. रेघेखालची अक्षरं हळूहळू सुटी झाली.

‘चौथी खोड. गॅलरीत पानं पडायला लागली की घरात साखर करपल्याचा वास येतो.’ आणि पुढे समासात, अगदी बारीक, ‘हा दोष झाडाचा नाही, माझा आहे. वाचू नये.’

बाई तशाच उभ्या राहिल्या. पुस्तकात प्रत्येक झाडाच्या वर्णनाच्या शेवटी एखादी ओळ अशी असते, जी परीक्षेत कुणी विचारत नाही. कात्सुराच्या वर्णनाखाली तशी ओळ होती. या झाडाची पानं गळू लागली की त्यांना करपत्या साखरेचा वास सुटतो. बाईंनी ती कधीतरी विद्यार्थिदशेत वाचली होती आणि आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिली होती. फोटोला वास नसतो. वासावरून झाड ओळखायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मग त्यांना दुसरी गोष्ट उमगली. त्यांनी आधीचा अर्ज काढून पत्राशेजारी ठेवला. दोष माझा आहे. मी एकटी राहू नये, असं मुलाचं म्हणणं आहे.

‘‘किती वाजले?’’

‘‘साडेदहा,’’ वेलांटी म्हणाले.

बाईंनी भिंतीवरची वही काढली आणि ‘स्थळ पाहणी’ या रकान्यात स्वतःची सही केली. त्या रकान्यात याआधी फक्त एक चहाचा डाग होता.

‘‘बाई, तुम्ही बाहेर जाताय?’’

‘‘मग काय झाडाला इथे बोलावू?’’ बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला विनोद असावा, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही आणि वेलांटींना धीर झाला नाही.

पत्ता बस बदलून जायचा होता. तळमजल्यावर कुलूपबंद गोदाम, वर दोन मजले. जिन्यात वास बिस काही नव्हता. दार उघडलं ते एका लहानखुऱ्या आजींनी. जाड भिंगांचा चष्मा, कानावर लाल पेन्सिल. पाठीमागे खोलीभर खोकी, प्रत्येकाला सुतळीचे चार चार वेढे. भिंतींवर चित्रं काढून घेतल्याचे फिकट चौकोन तेवढे राहिले होते.

बाईंनी ओळख सांगितली.

‘‘अगं बाई! खात्याचं माणूस घरी?’’ आजी म्हणाल्या. ‘‘नाव नुसतं कळवलं असतंत तरी चाललं असतं हो. बसा. मुलानं गेल्या रविवारी येऊन सगळं बांधून ठेवलंय, एक खुर्ची तेवढी राहिली आहे.’’

‘‘मी चौथी खोड विचारायला आलेय.’’

आजींचा चेहरा बदलला. ‘‘ती मी खोडली आहे.’’

‘‘खोडलेलीच विचारतेय.’’

‘‘छापखान्यात खोडलेलं कुणी वाचत नाही,’’ आजी म्हणाल्या. ‘‘वाचायचं नसतं. तो धर्म असतो आमचा.’’

‘‘मी छापखान्यातली नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या. मग आजीच एका खोक्यावर टेकल्या.

‘‘तीन वर्षं झाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे दिवस आले की वास यायला लागतो. पहिल्यांदा वाटलं, मीच गॅसवर काहीतरी विसरले. धावत गेले, तर गॅस बंद. मग दिवसातून दहा वेळा बघायला लागले. एकदा खूपच यायला लागला, म्हणून अग्निशमनला फोन केला. दोन बंब आले हो. घंटा वाजवत. सगळं आवार गोळा झालं. जवानांनी कपाटंसुद्धा उघडून बघितली, काही नाही. झाडाखाली उभे राहून हसले नि गेले. ते मुलाच्या कानावर गेलं. मग डॉक्टर. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितली, नाक चांगलं आहे म्हणाले. मग जरा वेळ माझ्या डोक्याकडेच बघत बसले.’’

‘‘मुलाला वास आला नाही कधी?’’

‘‘त्याला यायला तो इथे असतो कधी? वास सुटतो तो दुपारी ऊन आलं की, आणि हा सकाळी येतो, दुपारच्या आत परत. लिफ्ट दुरुस्तीचं काम आहे त्याचं. त्याचा धंदाच मुळी काय बिघडेल ते आधी ओळखायचा. दिवसातून चार वेळा फोन. आई, गॅस बंद केलास? आई, पुन्हा बघ. वाईट नाही हो तो. घाबरतो.’’ आजींनी चष्मा काढला. ‘‘शेवटी मी काय केलं, घरातली साखरच काढून टाकली. दोन वर्षं या घरात साखरेचा दाणा नाही. बिनसाखरेचा चहा पिते. म्हटलं, आता बघू. तर ही पानं पिवळी पडली, आणि वास परत हजर. साखर नाही, गॅस बंद, आणि वास येतोय. मग चूक कुठे आहे? चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. म्हटलं, आता आपणच चूक झालो. मुलाला सांगितलं, ये घेऊन जा.’’

असल्या प्रसंगी बोलायची बाईंना सवय नव्हती. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याच्या खाली वेताची टोपली होती, पानांनी शिगोशीग भरलेली. बाईंनी एक पान उचललं. कड बारीक दातेरी होती. मग त्यांनी खाली वाकून नाक टोपलीपाशी नेलं.

आजी दारात उभ्या होत्या. विचारायची त्यांना भीती वाटत होती, हे बाईंना पाठमोऱ्या असूनही कळलं.

‘‘करपतेय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चांगली काळपट होईपर्यंत करपलेली साखर.’’

‘‘तुम्हालाही येतो?’’

‘‘कुणालाही येईल. या झाडाचं नाव कात्सुरा. गळलेल्या पानांना हा वास असतो. ओलसर पानांना जास्त. तीन वर्षांपूर्वी शेंडा तुमच्या गॅलरीला पोचला असणार, म्हणून तीन वर्षं. आणि पानं तुम्हीच उचलून स्वयंपाकघरात आणता, म्हणून वास स्वयंपाकघरात. तुमचं नाक चांगलं आहे आणि डोकं त्याहून चांगलं आहे.’’

आजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, ‘‘तो कागद आणलाय तुम्ही?’’

बाईंनी पर्समधून काढून दिला. आजींनी कानावरची लाल पेन्सिल घेतली आणि खोडलेल्या दोन ओळींखाली एकेक टिंब देत गेल्या, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. ‘‘खोडलेल्या मजकुराखाली टिंबं दिली, की तो पुन्हा ठेवायचा असतो,’’ त्या म्हणाल्या. टिंबं सगळी एका ओळीत होती.

इतक्यात जिन्यात जड पावलं वाजली आणि चिरंजीव आले. उंचेपुरे, घामाघूम, हातात सुतळीचं नवं बंडल. खाली टेम्पो उभा केला होता.

‘‘आई, गॅस बंद आहे ना?’’ हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्यांना बाई दिसल्या. बाईंनी सगळं सांगितलं, झाडाच्या नावापासून टोपलीपर्यंत, खात्याला शोभेल अशा क्रमानं. चिरंजीवांनी ते मधे न बोलता ऐकलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचं ऐकावं, तसं.

‘‘मॅडम, तुमचे उपकार आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘पण आईला बरं वाटावं म्हणून असं सांगणारे याआधीही तिघं भेटलेत. झाडाला करपल्याचा वास! उद्या काही झालं तर तुमचं खातं येणार आहे का?’’

‘‘टोपलीपाशी या आणि वास घ्या.’’

‘‘मी पाला हुंगायला चार तास गाडी चालवून आलेलो नाही.’’

‘‘अरे, एकदा बघ तरी,’’ आजी म्हणाल्या.

‘‘आई, पुरे.’’ त्यांनी दोन खोकी एकावर एक घेतली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘‘टेम्पोवाला थांबलाय. चल, आवर.’’

ते खोकी घेऊन उतरले. आजींनी दारामागची पिशवी उचलली, खांद्याला लावली. एवढ्या मिनिटभरात त्यांची उंची कमी झाल्यासारखी दिसली. ‘‘जाऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला कळलं ना, तेवढं पुरे. तिकडे जाऊन राहीन शहाण्या माणसासारखी.’’

‘‘पुरे नाही,’’ बाई म्हणाल्या.

त्यांच्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या घरात न विचारता काही केलं नव्हतं. आता त्यांनी टोपली उचलली आणि सगळी पानं बाहेरच्या खोलीच्या मधोमध ओतली. तळाची ओलसर पानं वर आली. गॅलरीचं दार सताड उघडलं, तशी तिकडून उन्हाची तिरीप आत आली आणि तिच्याबरोबर झुळूकही. आजी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. एवढं झाल्यावर बाई खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, जसं काही त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि पाला आधीपासूनच तिथे होता.

पावलं परत वर आली. दोन मजले बाहेरच्या हवेतून चढून आलेला माणूस उंबऱ्यात पाय टाकतो न टाकतो तोच थांबला.

‘‘आई! गॅसवर काय ठेवलंयस?’’ चिरंजीव ओरडले. ‘‘साखर जळतेय!’’

ते पालापाचोळा तुडवत धावत आत गेले. आतून शेगडीचा कान फिरवल्याचा आवाज आला, मग डब्यांची झाकणं, एक, दोन, तीन, चार. बाईंनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक रिकामा डबा होता. त्यांनी आईकडे बघितलं, जमिनीवरच्या पानांकडे बघितलं, खाली बसून मूठभर पानं उचलली आणि नाकाशी धरली. ‘‘आई,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘मला येतोय.’’

‘‘काय येतोय? अर्धवट वाक्य बोलू नकोस.’’

‘‘साखर करपल्याचा वास येतोय, आई.’’

आजी तेव्हा रडल्या. तीन वर्षं बंब, डॉक्टर, फोन, बिनसाखरेचा चहा या सगळ्यांत त्या रडल्या नव्हत्या. आता तोंड लपवायचं सोडून, उभ्या उभ्या, मनसोक्त रडल्या. चिरंजीवही पानांच्या ढिगात बसून डोळे पुसू लागले आणि पान लागून ते आणखीच लाल करून घेतले. बाई त्या दोघांकडे न बघता झाडाकडे बघत होत्या. त्यांनाही गहिवरून आलं होतं, आणि खिडकीकडे तोंड करून बसण्याचा एक फायदा त्यांना आज कळला.

मग आजींनी नाक पुसलं, खांद्याची पिशवी काढून खुंटीला अडकवली.

‘‘चार तास गाडी चालवून आलायस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेवून जा.’’

‘‘जाऊ?’’ चिरंजीवांनी विचारलं. ‘‘एकटाच?’’

‘‘टेम्पोवाला आहे की बरोबर. त्यालाही बोलव जेवायला. मग दोघं जा.’’

‘‘आणि ही खोकी?’’

‘‘तूच बांधलीस ना?’’ आजी पदर खोचून स्वयंपाकघराकडे वळल्या. ‘‘मग तूच सोड.’’

बाई निघाल्या तेव्हा चिरंजीव जमिनीवर मांडी घालून बसले होते. सुतळीच्या पहिल्याच गाठीशी त्यांची झटापट चालली होती.